हे तर हिशेबाचं अक्षर!

मामेबहिणीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका करायचं काम माझ्यावर आलं, कारण 'याला कॉम्प्युटरवरचं कळतं' अशी घरात माझी जुनी बदनामी आहे. मराठी पत्रिका मामाने नेहमीच्या छापखान्यात दिली होती. इंग्रजी हवी होती ती नवऱ्यामुलाच्या ऑफिसमधल्यांसाठी, म्हणजे व्हॉट्सअॅपवरून फिरणारी एक इमेज. मी ती फोनवरच करायला घेतली. फॉन्टच्या यादीत खाली सरकत 'स्नेल राउंडहँड' या नावापाशी थांबलो, दोघांची नावं टाकून बघितली. उजवीकडे झुकलेली, एकमेकांचा हात धरून चाललेली अक्षरं. खाली येणारी रेघ भरलेली, वर जाणारी केसासारखी बारीक. पत्रिका एकदम पत्रिकेसारखी दिसायला लागली.

ग्रुपवर टाकली. अंगठे आले, हृदयं आली. आजीने मात्र मला जवळ बोलावलं. फोन डोळ्यांसमोर धरून दोन बोटांनी अक्षर मोठं केलं आणि म्हणाली, "हे तर ह्यांचं अक्षर. पत्रिकेवर कशाला घातलंस? हे हिशेबाचं अक्षर आहे."

आजोबा मुंबईत एका कापडगिरणीच्या ऑफिसात हिशेबनीस होते. मी चौथीत असताना गेले. त्यांची माझ्या डोक्यात राहिलेली एक गोष्ट म्हणजे खोडरबराचा राग. चुकलं तर खोडायचं नाही, एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची, हे त्यांनी मला पहिलीत शिकवलं होतं. पहिलीतल्या मुलाची सही कसली असणार! पण मी करायचो.

आजीने कपाटातून त्यांची घरखर्चाची वही काढली. तांदूळ, रॉकेल, मुलांची फी, सगळं इंग्रजीत, टाक-दौतीने लिहिलेलं. वही आणि फोन शेजारी शेजारी ठेवले. अक्षर अगदी तेच नव्हतं. आजोबांच्या अक्षराला घाई होती, फोनवरच्या अक्षराला नव्हती. पण घराणं एकच, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसत होतं. त्या दिवशी मी आजीला हसून वेळ मारून नेली. पुढे त्या फॉन्टच्या नावातला स्नेल कोण, हे शोधायला लागलो, तेव्हा कळलं की आजी शब्दशः बरोबर होती.

चार्ल्स स्नेल हा लंडनचा माणूस, जन्म 1667 चा, मृत्यू 1733 चा. सेंट पॉल कॅथीड्रलपासून जवळच फॉस्टर लेन नावाची गल्ली आहे. तिथे तो मुलांना शिकवायचा. आपल्या पुस्तकांवर आणि कागदपत्रांवर तो स्वतःची ओळख दोन शब्दांत द्यायचा: लेखनाचा पंतोजी आणि हिशेबनीस. आज आपल्याला ही जोडी विचित्र वाटते. सुंदर अक्षर शिकवणारा माणूस कलाकार असणार आणि हिशेब बघणारा सीए असणार, अशी आपली वाटणी. स्नेलच्या लंडनमध्ये हा एकच धंदा होता. व्यापारी घरात नोकरी हवी असलेल्या मुलाला दोन गोष्टी यायला हव्यात: पत्र लिहिणं आणि कीर्द-खतावणी ठेवणं. दोन्हींना लागणारा हात एकच, म्हणून शिकवणाराही एकच. स्नेलने अक्षराचे कित्ते छापले, तशीच हिशेबावरचीही पुस्तकं लिहिली. त्यातलं एक तर जमीनदारांनी आपले हिशेब कसे ठेवावेत यावर आहे.

'राउंड हँड' म्हणजे गोल वळणाचं अक्षर. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते इंग्लंडमध्ये रुजलं. त्याआधी तिथे प्रत्येक कचेरीचं आपापलं अक्षर असे. कोर्टाचं वेगळं, खजिन्याचं वेगळं, खाजगी पत्रांचं वेगळं. आणि त्यातली काही तर बाहेरच्याला वाचताच येऊ नयेत अशीच. व्यापाराला हे परवडत नव्हतं. लंडनच्या दुकानातलं बिल ब्रिस्टलच्या गोदामात आणि तिथून जमैकाच्या बंदरात वाचलं जायला हवं होतं. त्यासाठी सगळ्यांचं एकच, पटकन लिहिता येणारं आणि कुणालाही लागणारं अक्षर हवं होतं.

वेग कुठून आला हे समजायला आपल्या बोरूची आठवण उपयोगी पडते. बोरूचं टोक रुंद आणि तिरकं छाटलेलं असतं. त्यामुळे देवनागरीत रेघ जाड की बारीक हे बोरू कुठल्या कोनात धरला आणि कुठल्या दिशेला ओढला यावर ठरतं. हात दाबावा लागत नाही. राउंड हँडचं पीस मात्र टोकाला अरुंद कापलेलं आणि मधोमध चिरलेलं. खाली येताना जरा दाबलं की चीर उघडते, शाई जास्त उतरते, रेघ भरते. वर जाताना हात हलका केला की चीर मिटते आणि रेघ केसाएवढी होते. म्हणजे फॉन्टमध्ये जे नक्षीकाम वाटतं, तो खरं तर हाताच्या दाबाचा आलेख आहे. दाब, सोड, दाब, सोड. ही लय सापडली की शब्दाच्या शेवटापर्यंत पीस उचलायचीच गरज पडत नाही. अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात ती प्रेमाने नव्हे, वेळ वाचवायला.

मोडी लिपीचं असंच आहे की. बोरू कमीत कमी उचलायचा, पानभर रेघ आधीच ओढून घ्यायची आणि तिला अक्षरं लटकवत पळायचं. ऱ्हस्व-दीर्घाच्या भानगडीत पडायचं नाही. तीही दप्तराची लिपी, कारकुनांच्या घाईतून घडलेली. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे ढीग आहेत, आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुरालेखागारात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांनी राउंड हँडात लिहिलेली बाडं आहेत. दोन्ही हातांनी एकाच किनाऱ्यावर, एकाच काळात, बऱ्याचदा एकाच भांडणाबद्दल लिहिलेलं आहे.

स्नेलकडे परत. लंडनच्या या पंतोजींचा बाजार भलताच तापलेला होता. प्रत्येकाची शाळा, प्रत्येकाचा छापील कित्ता, आणि प्रत्येक कित्त्याच्या प्रस्तावनेत दुसऱ्याची खरडपट्टी. कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात. (राउंड हँडला पुढे 'कॉपरप्लेट' हे नाव पडलं ते यामुळे.) गिऱ्हाईक ओढायला कित्त्यांत अक्षराभोवती एका फटक्यात काढलेले पक्षी, मासे, देवदूत, वेलबुट्ट्या असायच्या. हात किती चालतो याची ती जाहिरात. स्नेलला हा प्रकार आवडत नसे. अक्षराने अक्षराचं काम करावं, असं त्याचं म्हणणं. तो तर पुढे जाऊन अक्षराचे ठाम नियम बसवायला निघाला. झुकाव किती, गोलाई किती, उंचीला रुंदी किती, सगळं मोजून. त्यावरून जॉन क्लार्क नावाच्या दुसऱ्या पंतोजीशी त्याची छापील हाणामारी झाली. मला या भांडणात गंमत वाटते. प्रत्येक अक्षर ठरलेल्या मापाने, दरवेळी तंतोतंत तसंच यावं असं म्हणणारा माणूस म्हणजे फॉन्टचीच मागणी करत होता, फॉन्ट करायची सोय नव्हती तेव्हा.

आणि मग 1720 साल आलं.

साउथ सी कंपनी नावाच्या एका कंपनीने इंग्लंडच्या सरकारी कर्जाचा मोठा भाग आपल्या शेअरमध्ये फिरवून घेण्याची योजना आणली. जानेवारीत तिचा शेअर सुमारे 128 पौंडांवर होता. उन्हाळ्यात तो 1000 च्या आसपास गेला. सप्टेंबर संपेपर्यंत दीडशेच्या घरात येऊन पडला. सरदार बुडाले, दुकानदार बुडाले. संसदेने चौकशी समिती नेमली, कारण योजना मंजूर व्हावी म्हणून मंत्र्यासंत्र्यांना पैसे न घेताच शेअर दिल्याचं दाखवलं गेलं होतं. भाव चढला की मधला फरक त्यांच्या खिशात. शेअर नुसते वहीत. म्हणजे लाच दिल्याचा एकमेव साक्षीदार ती वहीच.

कंपनीचा एक संचालक जेकब सॉब्रिज आणि त्याचे भागीदार यांच्या पेढीवर संशयाचं बोट होतं. या पेढीच्या वह्या तपासून त्यावर निरीक्षणं लिहिली चार्ल्स स्नेलने. फॉस्टर लेनमधला लेखनाचा पंतोजी आणि हिशेबनीस. बाहेरच्या हिशेबनिसाने कंपनीच्या व्यवहारातल्या वह्या तपासून दिलेला हा पहिला अहवाल, असं हिशेबशास्त्राच्या इतिहासात बऱ्याच ठिकाणी नोंदवतात. अहवाल निःपक्षपाती होता असं मात्र समजू नका. ज्यांच्यावर आरोप होते त्यांना तो सोयीचाच होता. ऑडिटचा इतिहास पहिल्या दिवसापासून असा आहे.

पण मला अडकवलं ते दुसऱ्याच एका तपशिलाने. चौकशी समितीला या मंडळींच्या वहीत एक नाव सापडलं: 'स्टँगेप'. असा कुणी माणूसच नव्हता. नाव मुळात होतं 'स्टॅनहोप'. चार्ल्स स्टॅनहोप, ट्रेझरीचा सचिव. त्याच्या खात्यावर अडीच लाख पौंडांचा फरक निघत होता. कुणीतरी चाकूने कागद खरवडून, दोन-तीन अक्षरं फिरवून स्टॅनहोपचा स्टँगेप केला होता. राउंड हँडात इंग्रजी 'ओ'चा 'ए' करायला एक छोटी रेघ पुरते. जोडाक्षरी वळणात मध्येच एखादं अक्षर उपटून दुसरं बसवणं त्याहून कठीण, तिथेच हात दिसतो. स्टॅनहोपला पार्लमेंटने तीन मतांच्या फरकाने सोडून दिलं.

हे वाचलं तेव्हा मला खोडरबर आठवला. एक रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, शेजारी सही करायची. आजोबांना साउथ सी कंपनी माहीत असण्याचं कारण नाही. त्यांना हे त्यांच्या वरिष्ठाने शिकवलं असणार, त्याला त्याच्या वरिष्ठाने. चांगलं अक्षर म्हणजे ज्यात केलेली लबाडी लपत नाही असं अक्षर, हा अर्थ त्या वळणाला चिकटूनच आमच्या घरापर्यंत आला होता. आजी 'हिशेबाचं अक्षर' म्हणाली ते या अर्थाने. तिच्या बोलण्यात कमीपणा नव्हता, उलट होतं.

मग हे अक्षर लग्नपत्रिकेवर गेलं कसं?

त्याची अर्धी गोष्ट तांब्याच्या पत्र्यात आहे. खिळ्यांच्या छपाईत अक्षर उठावाचं असतं, तांब्यात ते खोदलेलं असतं. कोरक्याच्या धारदार हत्याराला सुटी अक्षरं जुळवायची नसतात. तो सलग रेघ ओढू शकतो, आणि पिसाने येणार नाही इतकी बारीक ओढू शकतो. जॉर्ज बिकम नावाच्या कोरक्याने 25 पंतोजींचं अक्षर गोळा करून 'द युनिव्हर्सल पेनमन' नावाचा ग्रंथ काढला. 1733 ते 1741 अशी आठ वर्षं तो भागाभागाने निघत होता, त्यात 212 पत्रे आहेत. कोरक्याने पंतोजीची नक्कल केली, मग जगभरच्या मुलांनी कोरक्याची. हाताने लिहिणाऱ्याला तांब्याची बरोबरी करायची शिक्षा झाली. 'छापल्यासारखं अक्षर' हे कौतुक तेव्हापासूनचं असावं.

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबं लाखांनी बाहेर पडू लागली आणि टाक आपल्याकडच्या शाळा-कचेऱ्यांत पोचला. अमेरिकेत या वळणाचं स्पेन्सेरियन नावाचं भावंडं तयार झालं. 1886 मध्ये अटलांटातल्या एका औषधवाल्याने नवं पेय काढलं, तेव्हा त्याला नाव सुचवलं आणि ते स्पेन्सेरियन वळणात लिहून दिलं फ्रँक रॉबिन्सन या माणसाने. रॉबिन्सन त्या धंद्यात हिशेब लिहायचा. कोका-कोलाच्या बाटलीवर आज आहे ते त्या हिशेबनिसाचं वळण. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, 1776 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची चर्मपत्रावरची प्रत राउंड हँडात लिहिली ती टिमथी मॅटलॅक या कारकुनाने. सह्या करणारे प्रसिद्ध झाले.

1874 मध्ये रेमिंग्टनचा टाइपरायटर विकायला आला आणि ऑफिसातलं वळणदार अक्षर हळूहळू बेकार होत गेलं. पत्रं टाइप होऊ लागली. हिशेबाच्या वह्या जरा जास्त टिकल्या, कारण जाड बांधलेली वही टाइपरायटरमध्ये घालता येत नाही. आजोबांची पिढी त्या शेपटावरची. पण तांब्यावर कोरून छापायची जी महाग कामं होती, भेटकार्डं, शेअर सर्टिफिकिटं, नोटा, निमंत्रणं, ती तशीच चालू राहिली. रोजच्या वापरातून अक्षर गेलं, उरलं फक्त महागड्या कागदावर. दोन पिढ्यांत लोकांना वाटू लागलं की हे अक्षर मुळातच श्रीमंतांच्या समारंभाचं आहे. कारकून त्यातून पुसला गेला.

खिळ्यांना हे वळण का जमत नव्हतं, हे देवनागरी छापणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. शिशाचा खिळा म्हणजे चौकोनी ठोकळा. आपल्याकडे दोन खिळ्यांच्या मध्ये शिरोरेघ तुटते. जुन्या पुस्तकात भिंग लावून बघा, रेघेत फटी दिसतात. झुकलेल्या जोडाक्षरी वळणाचे हाल तर याहून वाईट. अक्षराचं शेपूट शेजारच्या ठोकळ्यावर लोंबतं, छापताना मोडतं. पॅरिसच्या फर्मां दिदोने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिरक्या अंगाचे खिळे ओतून यावर तोड काढली. देखणी होती, पण महाग आणि कटकटीची. पुढे आलेल्या लायनोटाइप यंत्रात तर अक्षराचा साचा आपल्या रुंदीबाहेर पाऊल टाकूच शकत नव्हता. ज्या यंत्राने जगभरची वर्तमानपत्रं निघत होती, त्याला पत्रिकेचं अक्षर येत नव्हतं.

इथे मॅथ्यू कार्टर येतो. 1937 साली लंडनमध्ये जन्मलेला, टाइपच्या इतिहासकाराचा मुलगा. शाळा संपल्यावर तो हॉलंडमधल्या हार्लेमला एन्सखेडेच्या छापखान्यात गेला आणि तिथे पोलादी ठशावर हाताने अक्षर कोरायला शिकला. ही विद्या तेव्हाच मरणपंथाला लागलेली होती. तो परत आला तर ते काम द्यायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून तो साइनबोर्डं, लोगो असली कामं करत राहिला आणि 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लायनोटाइप कंपनीत लागला.

त्या काळात शिसं जाऊन फोटोटाइपसेटिंग येत होतं. अक्षरांच्या निगेटिव्हमधून प्रकाश टाकायचा आणि फिल्मवर एकेक अक्षर उमटवायचं. प्रकाशाला ठोकळा नसतो. एका अक्षराचं शेपूट दुसऱ्यावर गेलं तर काही मोडत नाही. बहुतेक लोक या यंत्रासाठी जुनेच शिशाचे टाइप उतरवून घेत होते. कार्टरच्या लक्षात आलं की शिशाला जे कधीच जमलं नाही, ते इथे करून बघता येईल. त्याने स्नेलचे कित्ते समोर घेतले. 1965-66 मध्ये स्नेल राउंडहँड तयार झाला.

खुबी जोडात आहे. हाताने लिहिणारा माणूस 'ओ'नंतर 'एन' लिहिताना जोड जरा वर घेतो, 'ए'नंतर खाली. प्रत्येक जोडी वेगळी. यंत्राला मात्र प्रत्येक अक्षराचा एकच आकार ठाऊक, आणि त्याची रुंदीसुद्धा ठरलेल्या एककांच्या पटीतच हवी. म्हणजे कुठलंही अक्षर कुठल्याही अक्षराशेजारी आलं तरी बारीक रेघ पुढच्या अक्षरात बरोबर शिरली पाहिजे, फट नको आणि गाठही नको. कार्टरने छोट्या अक्षरांचे जोड असे बेतले की ते कुठेही गेले तरी जुळतात. मोठी अक्षरं सुटी ठेवली, ती शब्दाच्या सुरुवातीला यजमानासारखी उभी राहतात. स्नेलला हवे होते ते नियम अडीचशे वर्षांनी एका यंत्राच्या अडचणीने पूर्ण करून घेतले.

1972 मध्ये कार्टरने शेली स्क्रिप्ट नावाचा दुसरा फॉन्ट केला, स्नेलच्याच काळातल्या जॉर्ज शेली या पंतोजीच्या नावाने. त्यात फुलोरा भरपूर आहे आणि तो तीन प्रकारांत मिळतो, साध्यापासून अगदी उधळलेल्यापर्यंत. जिवंतपणी एका बाजारात गिऱ्हाइकं ओढणारे हे दोघे आता एकाच माणसाच्या कॅटलॉगमध्ये शेजारी शेजारी आहेत. याच कार्टरने टेलिफोन डिरेक्टरीच्या बारीक अक्षरांचा बेल सेंटेनियल केला, स्क्रीनवर वाचायचे व्हर्डाना आणि जॉर्जिया केले, आणि सत्तरच्या दशकात लायनोटाइपच्या फोटोटाइपसेटिंगसाठी देवनागरीही केली. शिरोरेघ न तुटता जोडणं हे त्याच्यासाठी फार परकं कोडं नसावं, असा माझा आपला अंदाज.

आता वापराबद्दल, कारण आपण सगळेच हल्ली पत्रिका करतो. हा फॉन्ट कॅपिटलमध्ये टाकू नका. मोठी अक्षरं एकमेकांना जोडायला केलेलीच नाहीत; अख्खं नाव कॅपिटलमध्ये म्हणजे सगळेच यजमान, पाहुणा कुणी नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं बटन असेल तर त्याला हात लावू नका, जोड तुटून प्रत्येक अक्षर हात कापल्यासारखं लोंबतं. लहान आकारात वापरू नका. व्हॉट्सअॅप इमेज दाबून लहान करतं, त्यात केसासारखी रेघ आधी मरते. तरी हवाच असेल तर त्याच्या तीन जाडींपैकी मधली घ्या. आणि पत्ता, वेळ, फोन नंबर यांना साधं, सरळ अक्षर ठेवा. याचं कारण मला फार महागात कळलं, ते सांगतोच.

त्याआधी इन्स्टाग्रामच्या बायोमधल्या नावांचं सांगायला हवं. वळणदार इंग्रजी अक्षरात लिहिलेली ती नावं बघून वाटतं की कुणीतरी फॉन्ट बदललाय. तो फॉन्ट नाहीच. गणितात वळणदार अक्षराचा अर्थ साध्या अक्षराहून वेगळा असतो, म्हणून युनिकोडने 2001 मध्ये गणितासाठी वळणदार अक्षरांचा एक वेगळा संच दिला. वेबसाइटवर नाव टाकलं की ती आपली साधी अक्षरं काढून ही गणिती चिन्हं बसवून देते. डोळ्यांना नाव दिसतं. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाचा फोन मात्र कधी प्रत्येक अक्षराला 'गणिती ठळक वळणदार कॅपिटल' असं म्हणत बसतो, कधी काहीच वाचत नाही. सर्चमध्येही अशी नावं कधी कधी निसटतात. देवनागरीला ही सोय नाही, त्यामुळे आपली मराठी नावं अजून वाचली जातात. मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली आणि हल्ली टी-शर्टवर, टॅटूत ती दिसायलाही लागली आहे. ती वाचता येणारे त्या मानाने फारसे वाढलेले नाहीत.

तर पत्रिका. आजी 'हिशेबाचं अक्षर' म्हणाल्यावर मी हसलो, तेव्हा तिचं बोलणं संपलं नव्हतं. तिला इंग्रजी बेताचंच येतं, पण वार, महिने आणि आकडे आजोबांच्या वह्यांवरून पाठ आहेत. तिने बोट ठेवून एकेक ओळ खाली आणली, वहीतली बेरीज तपासावी तशी. तारखेपाशी थांबली. मग भिंतीवरच्या कालनिर्णयकडे गेली, पान उलटलं, परत आली.

"अरे, त्या दिवशी सोमवार आहे. तू रविवार लिहिलंयस."

ग्रुपवर तोवर 34 अंगठे आले होते. नवऱ्यामुलाच्या ऑफिसमध्ये पत्रिका पोचलीही होती. मी दुरुस्त करून पाठवतो म्हणालो, आणि जुनी इमेज सगळ्यांकडून डिलीट करायला लागलो. आजीने हात धरला. डिलीट करू नकोस, म्हणाली, लोकांनी बघितलीय ती. तीच पाठव. रविवारवर एक रेघ मार, वर सोमवार लिही आणि शेजारी तुझं नाव घाल.

मामी नको नको म्हणत होती. पाठवली मी तशीच.